पाटी रंगवण्याआधी सातबारा बघा

मार्च 2024 मध्ये रेडिस या डेटाबेसच्या मालक कंपनीने परवाना बदलला आणि आठच दिवसांत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्याच कोडचा नवा फाटा, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळा चालवलेला प्रकल्प, जाहीर झाला. मधल्या काळात त्या फाट्याचं नाव होतं 'प्लेसहोल्डर-केव्ही'. म्हणजे नावाचं नंतर बघू, तूर्त जागा अडवून ठेवा. पुढे 'व्हॅल्की' ठरलं. अशा प्रत्येक नामांतरानंतर होणारा वाद आता पाठ झाला आहे. एक बाजू म्हणते, कोड सगळ्यांना खुला असताना नावावर मालकी सांगणं हे शुद्ध ढोंग. दुसरी म्हणते, ट्रेडमार्क कायद्याने आमचा आहे, विषय संपला. तिसरा गट सर्वांत मोठा. त्याला या दोन्हींत रस नसतो. नवं नाव उच्चारायला जड आहे का, लोगोचा निळा रंग फिका पडला का, यावर तो हिरिरीने भांडत बसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाव राखीव असायलाच हवं. मोकळ्या कोडला तर ते जास्तच हवं. पण ते कोणाच्या नावावर राखीव आहे, हा खरा प्रश्न आहे. तो नामांतराच्या वेळीच सोडवावा लागतो, कारण एकदा नाव रुळलं की ज्याच्या हातात ते असतं त्याला तो सोडवण्याची काहीच घाई उरत नाही. जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो आणि पाटी मागाहून रंगवतो. ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या प्रकल्पांच्या जगात आधी पाटी रंगते, तिचं कौतुक होतं, आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे हे भांडण कोर्टात गेल्यावर कळतं.

ढोंगाचा आरोप आधी घेऊ, कारण ऐकायला तो सर्वांत पटणारा आहे. मी तुमच्या कोडची प्रत घेतली तर तुमच्याकडचा कोड कमी होत नाही. नावाचं तसं नाही. नाव म्हणजे 'हे अमुक लोकांनी केलेलं आहे' असं विधान असतं. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने वाटायला घेतल्या की त्या विधानाला अर्थ उरत नाही, आणि फसतो तो बिचारा वापरणारा. हे काही कंपन्यांच्या वकिलांनी काढलेलं खूळ नव्हे. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने 1997 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यांच्या चौथ्या कलमातच म्हटलं आहे की बदललेल्या आवृत्तीने वेगळं नाव घ्यावं अशी अट परवाना घालू शकतो. ओपन सोर्सची अधिकृत व्याख्या याच तत्त्वांवरून बेतली गेली. त्याच्याही आधी डोनाल्ड कनूथ यांनी अक्षरजुळणीची 'टेक' ही प्रणाली लोकांच्या हवाली केली ती याच बोलीवर: कोड घ्या, हवा तसा बदला, पण बदललेल्याला 'टेक' म्हणू नका. अपाचे या ओपन सोर्स परवान्याची दुसरी आवृत्ती तर सहाव्या कलमात स्पष्टच सांगते की या परवान्याने नावं आणि चिन्हं वापरायची मुभा मिळत नाही. ज्यांनी स्वातंत्र्याची व्याख्या लिहिली त्यांनीच नाव बाजूला काढून ठेवलं, तर ते ढोंग कसं?

बरं, नाव कोणाचंच ठेवलं नाही तर काय होतं? 'ओपन सोर्स' हा शब्दप्रयोगच बघा. 1998 मध्ये तो रूढ करणाऱ्यांना त्याचं प्रमाणचिन्ह (अटी पाळणाऱ्यालाच वापरता येईल असं चिन्ह) नोंदवून घ्यायचं होतं, पण शब्द फारच वर्णनात्मक असल्यामुळे 1999 मध्ये तो नाद सोडावा लागला. त्याची फळं आपण आजही भोगतो आहोत. परवान्यात ढीगभर बंधनं घालून वर बिनदिक्कत 'ओपन सोर्स' लिहिणाऱ्याला फार तर लाजवता येतं, अडवता येत नाही. लिनक्सची गोष्ट याहून बोलकी आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रसिद्ध केला तेव्हा नाव नोंदवायचा विचार कोणाच्या डोक्यातही नव्हता. 1994 मध्ये बोस्टनच्या एका गृहस्थाने 'लिनक्स' हा ट्रेडमार्क स्वतःसाठी मागितला, अमेरिकेच्या कार्यालयाने तो दिला, आणि 1996 मध्ये त्याने लिनक्सवर धंदा करणाऱ्यांना उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मागणी करणारी पत्रं धाडली. ज्याने एक ओळही लिहिली नव्हती त्याच्याकडून नाव सोडवून टोरवाल्ड्स यांच्याकडे यायला 1997 उजाडलं. एक्सबीएमसी हा मीडिया प्लेयर 2014 मध्ये 'कोडी' झाला, कारण जुनं नाव मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर बेतलेलं होतं आणि ते कधीच प्रकल्पाच्या हक्काचं होणार नव्हतं. नवं नाव गाजलं, आणि मग लक्षात आलं की काही देशांत भलत्याच मंडळींनी 'कोडी' आधीच आपल्या नावावर लावून घेतलं आहे. जे नाव कोणाचंच नाही ते सगळ्यांचं होत नाही. जो आधी अर्ज भरेल त्याचं होतं.

नावाचं वजन किती टिकतं, याचं आपल्या इतिहासातलं उदाहरण नाण्यांचं. दिल्लीच्या बादशहाची सत्ता नावापुरती उरली तरी पेशवाईतल्या रुपयावर नाव त्याचंच असे. पुण्याच्या अंकुशी रुपयावर मराठ्यांची खूण म्हणून फक्त अंकुश. इंग्रजांनीही तेच केलं. बादशहा शाह आलम 1806 मध्ये वारला, तरी कंपनी सरकार त्याच्या नावाचे रुपये 1835 पर्यंत पाडत राहिलं. बंगालच्या रुपयावर तर त्याच्या कारकिर्दीचं 19वं वर्ष गोठवूनच टाकलेलं होतं. का? कारण बाजार त्या नावावर विश्वास ठेवत होता, आणि बाजाराला सत्ता कोणाची याच्याशी देणंघेणं नव्हतं.

ओपनऑफिस या फुकट मिळणाऱ्या कार्यालयीन सॉफ्टवेअरचं नेमकं हेच झालं. जानेवारी 2010 मध्ये ओरॅकलने ओपनऑफिसची मालक असलेली सन ही कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर ओपनऑफिस हे नावही ओरॅकलकडे गेलं. 28 सप्टेंबर 2010 रोजी बहुतेक कर्त्या मंडळींनी बाहेर पडून डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं, आणि ओरॅकलला जाहीर विनंती केली की नाव आम्हाला द्या. तोवर वापरायचं कामचलाऊ नाव म्हणून 'लिब्रेऑफिस' घेतलं. ओरॅकलने नाव दिलं नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये दिलं ते अपाचे फाउंडेशनला. कामचलाऊ नाव कायमचं झालं, माणसं तिकडे गेली, काम तिकडे गेलं. इकडे अपाचे ओपनऑफिसची 4.1 ही आवृत्ती एप्रिल 2014 मध्ये आली आणि तेव्हापासून त्याच आकड्याला शेपट्या लागत आहेत. तरीही पुष्कळ लोक डाउनलोड करतात ते ओपनऑफिसच. 2020 मध्ये ओपनऑफिसच्या 20व्या वाढदिवशी डॉक्युमेंट फाउंडेशनने अपाचेला खुलं पत्र लिहिलं, की निदान तुमच्या वापरकर्त्यांना आमचं अस्तित्व तरी कळू द्या. दहा वर्षं काम करूनही नावासमोर हात जोडावे लागले.

याच्या शेजारी हडसन आणि जेन्किन्स ठेवून बघा. प्रोग्रामरांचा कोड आपोआप जुळवून तपासणारं हे एकच साधन, आधीचं नाव हडसन, नंतरचं जेन्किन्स. तिथेही ओरॅकलच, तिथेही नावावरच हक्क. जानेवारी 2011 मध्ये प्रकल्पाच्या लोकांनी मतदान घेतलं, 214 विरुद्ध 14 मतांनी नाव बदललं, आणि हडसन बघता बघता विस्मरणात गेलं. मग ओपनऑफिसला जे जमलं ते हडसनला का जमलं नाही? मला वाटतं, कारण वापरणाऱ्यांत आहे. हडसन वापरणारे स्वतः प्रोग्रामर. कोण गेलं, कोण राहिलं हे त्यांना त्याच संध्याकाळी कळलं. ओपनऑफिस वापरणारा शाळेतला कारकून किंवा निवृत्त शिक्षक. त्याच्यासाठी प्रकल्प म्हणजे ते नाव आणि तो लोगो, बाकी काही नाहीच. वापरणारा करणाऱ्यापासून जितका लांब, तितकं नाव जड. म्हणून सामान्य माणसाच्या हातात जाणाऱ्या प्रकल्पांनी नावाच्या मालकीबद्दल सर्वांत जास्त जागरूक असायला हवं, आणि प्रत्यक्षात तेच सर्वांत गाफील असतात.

आता विरोधकांची सर्वांत भक्कम बाजू. ते म्हणतात, परवान्याने जे करता येत नाही ते कंपन्या ट्रेडमार्कने करतात. कोड मोकळा सोडायचा, लोकांकडून फुकट वाढवून घ्यायचा, आणि प्रतिस्पर्धी डोईजड झाला की नावाचा सोटा काढायचा. हे खरं आहे, आणि वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या मुक्त सॉफ्टवेअरइतकं उघडं उदाहरण दुसरं नाही. 2010 मध्ये वर्डप्रेसवर धंदा करणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने वर्डप्रेसचा ट्रेडमार्क वर्डप्रेस फाउंडेशन या ना-नफा संस्थेला दिला; वाहवा झाली. त्याच वेळी व्यापारी वापराचा एकहाती परवाना फाउंडेशनने ऑटोमॅटिकलाच परत दिला, त्याची फारशी चर्चा झाली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये ऑटोमॅटिकने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीकडे उत्पन्नाच्या आठ टक्क्यांची मागणी केली. 'डब्ल्यूपी' ही अक्षरं ट्रेडमार्कमध्ये येत नाहीत, खुशाल वापरा, असं धोरणात लिहिलेलं होतं. ते वाक्य त्याच सुमारास बदललं. ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूपी इंजिनचं 'ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' हे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक प्रोग्राम) अधिकृत भांडारात ताब्यात घेऊन त्याचं 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' करण्यात आलं. म्हणजे साइट चालवणारा झोपेत असताना त्याच्या प्लगइनची पाटी बदलली. डिसेंबरमध्ये अमेरिकन न्यायालयाने ऑटोमॅटिकविरुद्ध अंतरिम आदेश दिला.

यावरून 'ट्रेडमार्क नकोच' असा निष्कर्ष निघतो का? मला तरी तो दिसत नाही. कागदावर मालक एक आणि नाडी दुसऱ्याच्या हातात, अशी व्यवस्था होती, ती बिघडली. फाउंडेशन हा शब्द ऐकला की आपण निर्धास्त होतो, ही आपली चूक. विश्वस्त कोण आहेत, त्यांना काढू कोण शकतं, परत दिलेला परवाना कोणाला आणि कोणत्या अटींवर, हे विचारल्याशिवाय 'नाव समुदायाचं आहे' हे वाक्य गिळू नये. रेडिसच्या बाबतीत तर पडदाही नव्हता. जी कंपनी 2011 मध्ये 'गॅरंशिया डेटा' म्हणून सुरू झाली ती पुढे 'रेडिस लॅब्ज' झाली, 2018 मध्ये मूळ लेखकाकडून ट्रेडमार्क घेतला आणि 2021 मध्ये नुसतीच 'रेडिस' झाली. प्रकल्पाने कंपनीचं नाव घेतलं नाही, कंपनीनेच प्रकल्पाचं नाव अंगावर चढवलं. हे सगळं दिवसाढवळ्या झालं. पॅच, म्हणजे कोडमधल्या सुधारणा, पाठवणाऱ्या शेकडो लोकांपैकी किती जणांनी तेव्हा हरकत घेतली? मे 2025 मध्ये रेडिसने एजीपीएल हा मुक्त परवाना पुन्हा देऊ केला, पण गेलेली माणसं परवान्यामागे परत आली नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त अडवतो. तो असा की ट्रेडमार्कच्या जाचाने कोड बदलण्याचं स्वातंत्र्यच मारलं जातं. 2006 मध्ये डेबियनला फायरफॉक्सचं नाव हवं होतं, लोगो नको होता, कारण त्या चित्राचा कॉपीराइट परवाना मुक्त नव्हता. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने सांगितलं, नाव हवं असेल तर लोगोही घ्या, आणि तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. डेबियनने नाव टाकलं. फायरफॉक्सचा 'आइसवीझल' झाला, मोझिलाच्याच थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामचा 'आइसडोव्ह', आणि हा संसार दहा वर्षं चालला. 2016 मध्ये समेट होऊन फायरफॉक्सच्या लोगोतला कोल्हा परत आला. दोन्ही बाजूंना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्या मोझिलाचा इतिहासही आठवावा. तिचा ब्राउझर आधी 'फिनिक्स' होता, बायोस (संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या फिनिक्स टेक्नॉलॉजीजशी वाद झाला म्हणून 2003 मध्ये 'फायरबर्ड' झाला, त्या नावाचा मुक्त डेटाबेस आधीपासून असल्याने तिथेही बोंब झाली, आणि फेब्रुवारी 2004 मध्ये 'फायरफॉक्स' झाला. दोनदा तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच.

पण या भांडणाचं खरं उत्तर धोरणात सापडत नाही, ते कोडच्या मांडणीत आहे. फायरफॉक्सचा सोर्स उघडून बघा. ब्राउझरच्या फोल्डरमध्ये 'ब्रँडिंग' नावाचा स्वतंत्र फोल्डर दिसेल आणि त्यात 'ऑफिशियल', 'अनऑफिशियल' अशी वेगवेगळी बिऱ्हाडं. या कोडमधून चालणारा ब्राउझर बनवताना ऑफिशियलचा पर्याय मुद्दाम लावल्याशिवाय तुमच्या ब्राउझरवर ना ते नाव येतं ना तो कोल्हा. लिब्रेऑफिसच्या मराठी अनुवादात ज्याने हात घातला असेल त्याला ठाऊक आहे, की वाक्यांत प्रोग्रामचं नाव लिहिलेलंच नसतं. तिथे 'प्रॉडक्टनेम' अशी रिकामी खाच असते. एकाच कोडमधून स्टारऑफिस आणि ओपनऑफिस अशी दोन नावं निघत, त्या काळातली ही सोय. ज्याला फाटा काढायचा त्याला नाव आणि चित्रं एका दुपारी उपटून टाकता आली, तर ट्रेडमार्क कितीही कडक असो, स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. नामांतर करताना शंभर फायलींत नवं नाव कोंबणारे प्रकल्प पुढच्याची वाट अडवतात, आणि स्वतःचीही. कारण एकदा नाव बदलणाऱ्याला ते पुन्हाही बदलावं लागू शकतं.

मग नाव राखीव ठेवायचं पण कोणालाही काहीही करू द्यायचं, असा मवाळ मध्यममार्ग का नको? कारण कायदा त्याला साथ देत नाही. नको असलेल्या वस्तू फुकट देऊन टाकणाऱ्यांची फ्रीसायकल ही अमेरिकेतली स्वयंसेवी चळवळ. तिने एका स्थानिक गटाला नाव आणि लोगो वापरू दिला, पण तो गट त्या नावाखाली काय करतो याच्यावर काहीच लक्ष ठेवलं नाही. 2010 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की गुणवत्तेवर नियंत्रण नसलेला परवाना म्हणजे चिन्ह सोडून दिल्यासारखंच आहे. चांगुलपणाने हक्क गेला. दुसऱ्या टोकाला रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा सांभाळणाऱ्या रस्ट फाउंडेशनने एप्रिल 2023 मध्ये धोरणाचा जो मसुदा काढला, तो इतका आवळलेला होता की भाषेच्या चाहत्यांनीच उठाव केला आणि फाउंडेशनला दिलगिरी व्यक्त करावी लागली. वर्षानुवर्षं जे लोक आपलं नाव प्रेमाने मिरवत आले त्यांना एका सकाळी परवानगीच्या रांगेत उभं करणं हा नुसता उद्धटपणा झाला. धोरण कडक कुठे आणि सैल कुठे, हे नाव जाहीर करण्याच्या दिवशीच लिहून टाकावं. मागाहून लिहिलेला प्रत्येक नियम शिक्षेसारखा वाटतो.

आपल्याकडचं म्हणाल तर कायदा बराच समजूतदार आहे आणि आपली मंडळी तितकीच बेफिकीर. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं 34वं कलम आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं, मग नोंदणी दुसऱ्याची का असेना. त्यावर विसंबून बसणाऱ्यांनी प्रियसचा निकाल वाचावा. टोयोटाने प्रियस ही गाडी 1997 मध्ये जपानात आणली, भारतातल्या सुट्या भागांच्या एका उत्पादकाने 2001 पासून तेच नाव वापरलं, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टोयोटाला सांगितलं की त्या वेळी भारतात तुमच्या नावाची ओळख होती हे तुम्ही दाखवू शकला नाही. टोयोटाची ही गत, तर कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर लोकांनी दिलेल्या चांदण्यांच्या जोरावर आपला प्रकल्प किती टिकणार? ट्रेडमार्क नोंदणीत सॉफ्टवेअरसाठी नववा वर्ग, सॉफ्टवेअर सेवांसाठी 42वा; ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी वर्गामागे 4,500 रुपये, मोठ्या कंपनीला 9,000. स्वयंसेवकांना ही रक्कम परवडत नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, पण परिषदेच्या टी-शर्टांवर याहून जास्त खर्च होतो.

लोगोचं तर त्याहून अवघड. लोगोला ट्रेडमार्क वेगळा आणि चित्राचा कॉपीराइट वेगळा, हे दोन हक्क आपल्याकडे सर्रास एकच समजले जातात. ओळखीतल्या एखाद्या मुलीने रात्री जागून सुंदर लोगो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'वापरा बिनधास्त'. सगळ्यांनी अंगठे दाखवले. कॉपीराइट कायद्याच्या 19व्या कलमाप्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. आणि लेखी असूनही मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणजे जगभर पोचलेल्या प्रकल्पाचा लोगो सहाव्या वर्षी परक्याचा, आणि परदेशात तर पहिल्या दिवसापासूनच. त्या मुलीला दुखवायचं म्हणून कोणी हे करत नाही, तिलाही ठाऊक नसतं.

मालकी कंपनीकडे असली तरी चालेल का? चालेल, ती आधीपासून सांगितलेली असेल तर. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे आणि नाव फ्रॅपे कंपनीचं. ज्याला पटतं तो काम करतो, न पटणाऱ्याने फाटा काढून दुसरं नाव घ्यावं. मला स्वतःला नाव लिनक्स फाउंडेशन किंवा सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट अशा छत्रसंस्थेकडे असलेलं बरं वाटतं, कारण तिथे निदान मालक बदलायला ठराव लागतो. मला खरी भीती वाटते ती तिसऱ्याच प्रकाराची. मोकळ्या-ढाकळ्या गटाचं ना पॅन असतं ना बँकखातं, म्हणून अर्जावर कोणा एकाचं नाव 'तात्पुरतं' टाकतात. तो माणूस सज्जन असतो, सगळ्यांच्या ओळखीचा असतो. मग त्याला नोकरीत अशी कंपनी मिळते जिला त्या नावात रस आहे, किंवा त्याचं गटाशी बिनसतं, किंवा तो नुसताच उत्तर द्यायचं थांबवतो. अर्ज भरतानाच त्याच्याकडून एक पानभर करार करून घ्यावा: गटाची संस्था झाली की इतक्या दिवसांत हे चिन्ह तिच्या नावे करून देईन, आणि न झाली तर अमुक तिघांच्या संमतीशिवाय ते कोणाला विकणार नाही. हे पान मागताना संकोच वाटत असेल तर ते लोगो ठरायच्या आधी मागावं, तेव्हा अजून कोणाचं कोणाशी बिनसलेलं नसतं.